सोळा पटींचे सांबर

मनुष्य एखादी वस्तू विकत घ्यावयास निघाला आणि तिच्यावर आकडा कोरलेला त्याच्या नजरेस पडला, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ काय याची चौकशी होण्यापूर्वीच, आकडा जितका मोठा तितकी वस्तू श्रेष्ठ, असा निवाडा त्याच्या मनात परस्पर होऊन जातो आणि त्या निवाड्यावर पुढे अपील चालत नाही. छत्रीच्या काड्या, घड्याळातील ज्युएल, बंडीच्या बैलांची किंमत, या सर्वांच्या बाबतीत हे मी पाहिले आहे. चष्म्याचा नंबर वाढणे ही वास्तविक सांत्वनाला जाण्याजोगी घटना. परंतु आमच्या कचेरीतले एक अव्वल कारकून आपला नंबर उणे साडेसातावर गेल्याचे ज्या स्वरात जाहीर करीत, त्या स्वरात इतर लोक बढतीचा हुकूम वाचून दाखवितात. दुर्बिणीवर तर एक सोडून दोन आकडे असतात आणि त्यांच्यामध्ये गुणाकाराची फुली असते. तेव्हा ती विकत घेताना भल्याभल्यांची बुद्धी नेहमीच्या दुप्पट वेगाने भ्रष्ट व्हावी यात नवल नाही. ती कशी भ्रष्ट होते हे सांगण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी स्वतः आयुष्यात एकही जनावर मारलेले नाही. मात्र तीन दुर्बिणींच्या तीन मालकांबरोबर मी जंगलात पुष्कळ हिंडलो आहे, आणि त्यांपैकी कोणीही दुर्बिणीमुळे काही मारल्याचे मला स्मरत नाही.

ही हकीकत १९५८ च्या सुमाराची. चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, एका तालुक्याच्या गावी मी तहसील कचेरीत कारकून होतो. गावात शिकारीचा शौक असलेली तीन माणसे होती : निवृत्त नायब तहसीलदार, ज्यांना सर्व गाव रावसाहेब म्हणे, एक दिवाणी वकील, आणि गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. चौथा मी. माझ्यापाशी बंदूक नव्हती, नेम नव्हता आणि धैर्याबद्दल तर बोलायलाच नको. परंतु माझे अक्षर वळणदार होते, आणि शिकारीचा आरंभ बंदुकीने होत नसून अर्जाने होतो ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझे त्या मंडळीतील स्थान सहज उमगेल. जंगलखात्याकडे अर्ज करावा, अमुक ब्लॉक अमुक पंधरवड्यापुरता मिळावा अशी विनंती करावी, फी भरल्याची पावती जोडावी, मग यथावकाश परवाना यावा आणि त्यात कोणती जनावरे किती मारण्याची मुभा आहे याचा तपशील असावा, असा तो सगळा कारभार. त्या तपशिलाखाली, मादीवर गोळी झाडू नये, अशी सक्त ताकीद असे. आणि ती मोडली तर दंड, परवाना जप्त आणि नाकेदारासमोर पंचनामा.

दुर्बिणीचा प्रश्न उद्भवतो तो या ताकिदीमुळे. झाडीत उभे असलेले सांबर नर आहे की मादी, हे बंदूक उचलण्यापूर्वी ठरवावे लागते, आणि सांबर स्वतः त्याबद्दल काही दाखला घेऊन हिंडत नाही. आपल्या पुराणांत असे निरीक्षण न करता बाण सोडल्याची किंमत दोन राजांनी मोजलेली आहे. दशरथाने शरयूच्या काठी नुसत्या आवाजावर बाण टाकला आणि घागर भरणारा श्रावण मारला. पांडूने हरिण म्हणून जे मारले ते हरिणाच्या रूपातील ऋषी निघाले. पांडूच्या प्रकरणात दुर्बिणीचाही इलाज चालला नसता हे मी मान्य करतो. पण दशरथापाशी साधी आठ पटींची एक दुर्बीण आणि तिच्यातून पाहण्यापुरता धीर असता, तर रामायणाला निराळी सुरुवात शोधावी लागली असती.

रावसाहेबांची दुर्बीण युद्धानंतर लष्करी सामानाचा जो लिलाव होई त्यातून आलेली. तिच्यावर ७ × ५० असे कोरलेले होते, वजनाला ती शेराहून अधिक होती, आणि गळ्यात अडकविली म्हणजे रावसाहेबांची मान आपोआप नम्र होई. नोकरीच्या बत्तीस वर्षांत हा परिणाम दुसऱ्या कशानेही साधलेला नव्हता. डॉक्टरांची होती ८ × ३०, जर्मनीतल्या येना गावची, हातात सहज मावणारी. वकीलसाहेबांपाशी प्रथम काहीच नव्हते, आणि म्हणूनच जेव्हा त्यांनी मुंबईहून दुर्बीण आणली तेव्हा ती ह्या दोघांच्या बेरजेहूनही एका पटीने वरचढ आणली : १६ × ५०. माझ्याकडे सुद्धा एक यंत्र होते, ते मी कोणाला दाखवीत नसे. आजोबांनी गंधर्व नाटक मंडळीचे खेळ मागच्या बाकांवरून पाहताना बालगंधर्वांच्या शालूचा काठ दिसावा म्हणून घेतलेली, शिंपल्याच्या मुठीची, तीन पटींची नाटकाची दुर्बीण. शिकारीला जाताना मी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवी.

आता त्या आकड्यांचा अर्थ. पहिला आकडा म्हणजे दुर्बीण वस्तू किती पटींनी जवळ आणते तो. आठ पटींच्या दुर्बिणीत आठशे पावलांवरचे चितळ शंभर पावलांवर असल्यासारखे दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढल्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नया पैसा चालू होऊन वर्षही झाले नव्हते आणि सोळा आणे शंभरांत कसे बसवायचे याचाच बाजारात रोज तंटा होई, अशा वेळी मिलिमीटर म्हणजे काय हे वकीलसाहेबांना समजावून देण्याचे काम डॉक्टरांनी मोठ्या चिकाटीने केले. पण दोन आकड्यांमध्ये जी फुली आहे ती माणसाची दिशाभूल करते. ती पाहून गुणाकार करावासा वाटतो, आणि वकीलसाहेबांनी तो केलाही : सात पन्नासे साडेतीनशे, आठ तीसे दोनशे चाळीस, सोळा पन्नासे आठशे. म्हणजे आपली दुर्बीण रावसाहेबांच्या दुर्बिणीच्या दुपटीहून अधिक, असा त्यांचा युक्तिवाद होता. वास्तविक शिकाऱ्याने तेथे भागाकार करावयाचा असतो.

दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरून तिच्या मागल्या भिंगाकडे पाहिले, तर त्यात प्रकाशाची एक लहानशी गोल टिकली दिसते. मोठ्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले म्हणजे त्या टिकलीची रुंदी मिळते. डोळ्याला जो उजेड मिळावयाचा तो एवढ्याच वाटेने. रावसाहेबांच्या दुर्बिणीत ती टिकली सात मिलिमीटर, डॉक्टरांच्या पावणेचार, आणि वकीलसाहेबांच्या आठशांची शेवटी शिल्लक तीनाहून जेमतेम अधिक. भर दुपारी याने काही बिघडत नाही, कारण उन्हात माणसाची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरांपुरती आकसलेली असते. पण जनावरे नाल्यावर उतरतात ती दिवेलागणीला, जेव्हा बाहुली उजेडाच्या आशेने उंबऱ्याबाहेर येऊन उभी असते, आणि तेव्हा सोळा पटींतून तिच्या पदरात मोठे पण काळवंडलेले चित्र पडते. अंधारातले सांबर सोळा पटींनी जवळ आणले तर सोळा पटींनी जवळचा अंधार दिसतो, असे डॉक्टर म्हणत.

यावरून रावसाहेबांची सात-पन्नास ही शिकारीला आदर्श ठरावी. आणि ती ठरलीही असती, जर रावसाहेब पंचविशीत असते. तरुणाची बाहुली काळोखात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, परंतु पन्नाशी ओलांडली की ती पाचाच्या आसपास थबकते. म्हणजे दुर्बीण सात मिलिमीटरांचा प्रकाश आणून दारात टाकते, त्यातला पाचांचा घरात घेतला जातो आणि बाकीचा पापणीवर सांडतो. लष्कराने जितक्या उदारतेने तो मंजूर केला, तितक्याच निष्ठुरतेने निसर्गाने तो परत पाठविला. मार्चअखेर न खर्चलेले अनुदान जसे सरकारजमा होते, तसा त्यांचा प्रकाश रोज संध्याकाळी जमा होई. हिशेबाने पाहता त्यांच्या वयाला त्या पन्नास मिलिमीटरांच्या भिंगातले पस्तीसच मिलिमीटर उपयोगाचे, बाकीचे पंधरा ते गळ्यात नुसते वागवीत. हे गणित मी त्यांना एकदा भीत भीत सांगितले. ते म्हणाले, "अहो, पेन्शनीतल्या माणसाने मंजूर झालेले कधी कमी करून मागू नये."

डॉक्टरांना या विषयाचे वाचन दांडगे होते. इग्नाझिओ पोरो नावाच्या इटालियन गृहस्थाने १८५४ मध्ये लोलकांची ती युक्ती काढली, येनाला आबे यांनी त्साइसच्या कारखान्यातून १८९४ मध्ये तिच्यावरून हातात धरण्याजोगी दुर्बीण बाजारात आणली, हे ते अशा आत्मीयतेने सांगत, की ती मंडळी त्यांच्या मावशीच्या गावची असावीत. युक्ती अशी : भिंगातून येणारे चित्र मुळात उलटे येते, ते दोन लोलकांत मिळून चार वेळा वळविले जाते आणि शेवटी सुलट होऊन डोळ्यांत शिरते. मला हे ऐकून फार आश्चर्य वाटले. आमच्या कचेरीत सुलट आलेला कागद चार टेबलांवरून फिरला म्हणजे उलटा होऊन बाहेर पडे, आणि तीच वाट विरुद्ध दिशेने चालवून कोणी त्यातून उपयुक्त यंत्र करील ही कल्पना मला कधी शिवली नव्हती. शिवाय या प्रवासात काचेचा प्रत्येक पृष्ठभाग शंभरातील चार-पाच भाग प्रकाश जकात म्हणून ठेवून घेतो, आणि असे नाके आठ-दहा असल्यामुळे जुन्या दुर्बिणीत मूळ मालातील तिसरा हिस्सा वाटेतच जिरतो. स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये काचेवर एक अतिसूक्ष्म लेप चढवून ही जकात पुष्कळशी माफ करून घेतली. भिंगात जी निळसर-जांभळी झाक दिसते ती या माफीची. मोरपिसासारखी दिसते म्हणून वकीलसाहेबांनी पुढे ती बायकोच्या पैठणीजवळ धरून रंगही जुळवून पाहिला होता.

सोळा पटींचे आणखी एक दुःख आहे आणि ते विकणारा कधी सांगत नाही. दुर्बीण केवळ जनावर मोठे करीत नाही. ती धरणाऱ्याचा हातही तितक्याच पटींनी मोठा करते. सात किंवा आठ पटींपर्यंत माणसाचा कंप सोसवतो, दहाला तो जाणवू लागतो, आणि सोळाला दुर्बिणीत जंगल नसतेच, भूकंप असतो. पहिल्याच सकाळी टेकाड चढून गेल्यावर वकीलसाहेबांनी धापा टाकीत समोरच्या उतारावर दुर्बीण रोखली आणि आम्हांला खुणेने जवळ बोलावून कुजबुजत सांगितले, की एक रोही दिसत आहे आणि ती भयाने थरथरत आहे. इतकेच नव्हे तर तिचे अंग ठरावीक अंतराने उडते आहे. डॉक्टरांनी रोहीकडे पाहिले नाही. त्यांनी वकीलसाहेबांचे मनगट धरले, घड्याळ काढले आणि अर्धे मिनिट मोजून सांगितले, की रोही ठीक आहे, मात्र आपण थोडे बसावे हे बरे. गुरांच्या डॉक्टराने नाडी पाहिली याचा वकीलसाहेबांना जो राग आला त्याने ती रोही आणखी जोराने उडू लागली.

या तऱ्हेच्या दुर्बिणी ज्या देशांतून येतात तेथे कोणता आकडा कोठे चालतो याचे काही ताळतंत्र आहे. जहाजाचे डेक हलते म्हणून नौदलाने सातच पटी पसंत केल्या; जर्मन शिकारी शेताच्या कडेच्या उंच माच्यावर काळोख पडेपर्यंत बसतो म्हणून तो आठ-छप्पन्न घेतो; आणि पहाडी मुलुखात, जेथे एका उतारावर कोपर टेकून दरीपलीकडचा दुसरा उतार तासन् तास न्याहाळावयाचा असतो, तेथे दहा पटी शोभतात. आमच्या मुलखात सागाबांबूच्या दाटीत जनावर दिसते ते चाळीस-पन्नास पावलांवर, दिसले तर. रावसाहेबांनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही चौपाटीवरून. वकीलसाहेबांना दरी म्हणून जी ठाऊक होती ती पक्षकाराच्या म्हणण्यातली आणि साक्षीदाराच्या सांगण्यातली. पण दुर्बीण घेताना माणूस आपले जंगल डोळ्यांपुढे आणीत नाही. परत आल्यावर गावच्या ओट्यावर जी हकीकत सांगावयाची तिला कोणता आकडा शोभेल, हे तो पाहतो. "सहा पटींच्या दुर्बिणीतून मी वाघ पाहिला" हे वाक्य बरोबर असले तरी ऐकायला कसे लागते पाहा! जणू वाघाच्या बाबतीत काटकसर केली.

निदान मोकळ्या जागी तरी सोळा पटी कामास येतील असे मला वाटत असे. धान कापून नेलेल्या बांध्यांच्या पलीकडे, भर दुपारी, पाऊण मैलावर काही चितळे उभी होती. वकीलसाहेबांनी एका पळसाच्या बुंध्याला दुर्बीण टेकवून हाताचा कंप नाहीसा केला आणि मोठ्या समाधानाने पाहू लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तिकडे तलाव आहे काय?" तलाव नव्हता. तापलेल्या जमिनीवरून हवा जी लवलवते ती साध्या डोळ्याला कशीबशी जाणवत होती, आणि सोळा पटींत तिचा पूर आला होता. चितळांचे पाय त्यात विरघळून गेले होते आणि ठिपके एकमेकांच्या अंगांवर वाहत होते. मृगयेसाठी दीडशे रुपये टाकून घेतलेल्या यंत्रातून पदरात पडले ते मृगजळ. त्यात मृगाचा भाग फार थोडा होता.

दुर्बिणीच्या पटी वाढल्या की पाहण्याची चौकट लहान होते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तिचा उल्लेख त्या दोन आकड्यांत कोठेही नाही. डॉक्टरांच्या आठ-तीसमधून हजार मीटरांवर दीडशे मीटर रुंदीचा पट्टा दिसे. सोळा-पन्नासमधून साठाच्या थोडा वर. आपल्याकडे या एका बाबतीत अर्जुनाने फार नुकसान करून ठेवले आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी बसवून काय दिसते असे विचारले, तेव्हा इतरांना झाड, फांदी, गुरुजी, भाऊबंद, सगळे दिसले आणि अर्जुनाला फक्त पक्ष्याचे मस्तक दिसले, म्हणून तो उत्तीर्ण. तेव्हापासून अरुंद नजर ही मोठी विद्या असा आपला समज होऊन बसला. पण परीक्षेतला तो पक्षी बनावट होता, आणि बनावट पक्षी जागचा हलत नाही. खऱ्या पक्ष्याने मान वळविली असती तर अर्जुनाला नुसते आकाश दिसले असते, आणि ते शोधीत तो बाण रोखून संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता. मला विचाराल तर जंगलात सोबतीला मी युधिष्ठिर पसंत करीन. त्याला झाडही दिसत होते आणि आपण सर्वजणही दिसत होतो. म्हणजे निदान तो आपल्यांपैकी कोणाला गोळी घालणार नाही.

आता त्या सांबराची हकीकत. फाल्गुन महिना होता. सालईची झाडे पार निष्पर्ण होऊन उजेडात हाडांसारखी चमकत होती. नाल्याच्या वरच्या अंगाला एका बांबूच्या बेटाआड आम्ही चौघे आणि आमचा वाटाड्या, एक म्हातारा गोंड, असे चार वाजल्यापासून दबा धरून बसलो होतो. वाटाड्यापाशी दुर्बीण नव्हती; तो डोळे अर्धवट मिटून बसे आणि मधूनच हनुवटीने एखादी दिशा दाखवी, तिकडे तिन्ही दुर्बिणी तोफखान्यासारख्या वळत. सूर्य टेकडीआड गेला. नाल्यापलीकडे, साठ-सत्तर पावलांवर, काही नव्हते तेथे एक सांबर होते. ते आले असे मी म्हणत नाही, कारण येताना ते कोणालाच दिसले नाही. रिकाम्या जागेचा रंग जरा गडद झाला आणि त्याला कान फुटले.

वकीलसाहेबांनी बंदूक मांडीवर ठेवली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. मोठ्या पटीच्या शिकाऱ्याला वस्तुतः तीन हात हवेत, कारण दोन्ही हात थरथर आवरण्यात गुंतल्यावर घोडा ओढावयास कोणी उरत नाही. पुष्कळ वेळ ते नुसते झाडी चाळीत राहिले. सोळा पटींत समोरचे जनावर सापडणे म्हणजे दप्तरखान्यात दिवा न घेता फाईल शोधणे. शेवटी सापडले. त्यांचा श्वास थांबला. "नर," ते पुटपुटले, "शिंगे पाहा! काय पसारा आहे! तीन-तीन फाटे स्पष्ट दिसतात. चाळीस इंचांना कमी नाहीत." आणि त्यांनी दुर्बीण खाली ठेवून बंदुकीला हात घातला.

रावसाहेबांना शिंगे दिसत होती पण ती मोजता येत नव्हती. त्यांनी नोकरीतल्या सवयीने, "वकील म्हणतात त्याअर्थी असावीत," असा शेरा मारला. मी हळूच नाटकाची दुर्बीण काढली. तीत मला एक प्राणी, एक झाड आणि पुष्कळशी संध्याकाळ दिसली. डॉक्टर मात्र काही बोलेनात. त्यांच्या चौकटीत सांबराच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच मीटर जागा शिल्लक होती, आणि त्या जागेकडेच ते पाहत होते. एवढ्यात म्हाताऱ्याने वकीलसाहेबांच्या बंदुकीवर तळहात ठेवला. जोर दिला नाही. पान पडावे तसा ठेवला.

"मादी हाय, सायेब."

"आणि शिंगे?" वकीलसाहेबांनी उलटतपासणीच्या सुरात विचारले. "ती काय माझ्या पदरची आहेत?"

"शिंगं झाडाची हायेत."

वकीलसाहेब त्यावर प्रत्युत्तर देणार तोच समोरच्या सांबराने मान खाली घातली, दोन पावले पुढे टाकली आणि ते सावकाश नाल्यात उतरून पाणी पिऊ लागले. शिंगे मागेच राहिली. सालईच्या दोन वाळक्या फांद्या, तीन-तीन फाट्यांच्या, संधिप्रकाशात पांढुरक्या, चाळीस इंचांना खरोखरच कमी नसाव्यात. सोळा पटींच्या चौकटीत सांबराचे डोके मावले होते आणि फांद्यांची टोके मावली होती. ज्या बुंध्यातून त्या फांद्या निघाल्या तो तेवढा चौकटीबाहेर हातभर उभा होता. मादीने पाणी पिऊन घेतले, आमच्या बाजूला एकदा कान फिरविले आणि ती गेली.

परवान्यातील ताकीद, दंड, जप्ती आणि पंचनामा हे सारे शब्द माझ्याच अक्षरात माझ्या डोळ्यांपुढून गेले. वकीलसाहेब बराच वेळ त्या झाडाकडे दुर्बीण लावून बसले होते. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले, की कोणत्याही समंजस कोर्टात ही शिंगे पुराव्यात दाखल झाली असती.

पुढे मंडळी वयस्क झाली, बंदुका तेलकट फडक्यांत गेल्या, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलासुरला प्रश्नच निकालात काढला. बंदुकांचे काय झाले मला ठाऊक नाही, परंतु दुर्बिणींवर त्या कायद्याने काही बंधन घातले नव्हते. डॉक्टरांची आठ-तीस पाखरे पाहण्याच्या नादी लागली आणि त्या नादात तिने आयुष्यात प्रथमच कोणाला काही दाखविले. रावसाहेबांनी सात-पन्नास माजघराच्या खिडकीत टांगली. पेरूवर पोपट बसले की ते ती काढीत, आणि ती डोळ्यांपर्यंत पोचेतोवर पोपट उडून जात. वकीलसाहेबांनी सोळा पटींची विकली. ती विकून त्यांनी वीस पटींची घेतली.

पण त्या सांबराच्या रात्रीचेच एक सांगायचे राहिले. आम्ही तळावर परतलो तेव्हा द्वादशीचा चंद्र चांगलाच वर आला होता. भाकरी खाऊन झाल्या. कोणी फारसे बोलत नव्हते. वकीलसाहेबांनी आपल्या दुर्बिणीची अब्रू सावरण्यासाठी असेल, ती बंडीच्या जुवावर घोंगडीची घडी ठेवून तिच्यावर टेकविली आणि चंद्राकडे रोखली. आता हाताचा कंप नव्हता, उजेडाची वाण नव्हती, मृगजळ नव्हते आणि चौकटीत चंद्र सबंध मावत होता. सोळा पटी अखेर आपल्या कामाला भेटल्या. आम्ही एकेकाने पाहिले. ज्या कडेला चंद्र अजून भरावयाचा होता तेथे खळगे नि खळगे, त्यांच्या कडांच्या सावल्या, सारे इतके स्वच्छ, की डॉक्टरांनी दोनदा पाहिले आणि रावसाहेब पाहता पाहता "वा" म्हणाले. वकीलसाहेबांचा चेहरा दिवसभरात प्रथमच खुलला. त्यांनी म्हाताऱ्याला हाक मारली. "या बाबा, तुम्हीही पाहा. हरिण म्हणतात ना त्याच्यावर? ससा म्हणतात? काही नाही. नुसते खड्डे आहेत."

म्हातारा उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहत राहिला. मग त्याने दुर्बीण घोंगडीवर जशीच्या तशी राहू दिली, जरा बाजूला सरकला, आणि कपाळावर हाताची सावली धरून उघड्या डोळ्यांनी वर पाहिले.

"असा तर हाय ना, सायेब," तो म्हणाला. "कान वर करून बसला हाय."